इंग्रजीतून शास्त्रीय निवेदन: उपयुक्त वाक्ये आणि त्यांचा वापर

भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याविषयीचा करार भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्यानंतर बरोबर चार वर्षे दोन दिवसांनी, म्हणजे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या मधल्या काळात त्या माळरानावर विटा, सिमेंट आणि यंत्रे यांच्याबरोबरच आणखी एका वस्तूची अहोरात्र ने-आण चालू होती. ती वस्तू म्हणजे वाक्ये. सोव्हिएट तज्ज्ञ रशियन भाषेत बोलत. दुभाषे ते बोलणे इंग्रजीत किंवा हिंदीत उतरवीत. आणि भारतीय अभियंते ते समजून घेऊन आपल्या हाताखालील माणसांना ज्याच्या त्याच्या भाषेत सांगत. इंग्रजी ही या व्यवहारात जवळजवळ कोणाचीच मातृभाषा नव्हती. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे रशियन भाषेत नाहीत, हिंदीत नाहीत आणि मराठीतही नाहीत. तेव्हा त्या काळी तेथे बोलल्या गेलेल्या इंग्रजीत उपपदांची बरीच उपासमार झाली असावी. तरीही भट्टी पेटली. इंग्रजीतून शास्त्रीय विषय मांडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, म्हणजे मनातील निम्मी भीती तेथेच ओसरेल.

भिलाई आणि दुर्ग या परिसरातील मराठी कुटुंबांची परिस्थिती आजही काहीशी तशीच आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्याही आधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता. त्यामुळे येथील मराठी जुनी आहे. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी, आणि महाविद्यालयाच्या वर्गात इंग्रजी, असा येथील मराठी विद्यार्थ्याचा दिवस तीन-चार भाषांतून जातो. विषय त्याला कळलेला असतो. पण फळ्यापुढे किंवा पडद्यापुढे उभे राहून तोच विषय दहा मिनिटांत इंग्रजीतून सांगा म्हटले की त्याची वाक्ये अडखळू लागतात. या उभे राहून सांगण्याला हल्ली ‘प्रेझेंटेशन’ किंवा ‘सादरीकरण’ म्हणतात; येथे त्याला निवेदन असे म्हटले आहे. अशा निवेदनात वारंवार लागणारी वाक्ये फार नाहीत. पन्नास-साठ वाक्ये हाताशी असली की काम चालते. मात्र ती कोठे वापरावयाची आणि कोठे वापरावयाची नाहीत हे कळले पाहिजे, आणि ते उदाहरणावाचून कळत नाही.

म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, भिलाईच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थिनीला ‘लांब रूळ’ या विषयावर निवेदन करावयाचे आहे. विषय तिच्या गावचाच आहे. भिलाईच्या कारखान्यात १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात, आणि भारतीय रेल्वेला लागणारे बहुतेक रूळ कित्येक दशके याच एका कारखान्यातून गेले. पूर्वी रूळ १३ मीटर लांबीचा असे. आता १३० मीटर लांबीचे रूळ लाटले जातात, आणि असे दोन रूळ कारखान्यातच सांधून २६० मीटरांचा एक अखंड पट्टा रवाना केला जातो.

आरंभाची वाक्ये

पहिले वाक्य साधे असावे. “गुड मॉर्निंग. माय नेम इज अमुक, अँड आय अ‍ॅम गोइंग टु टॉक अबाउट लाँग रेल्स.” एवढे पुरेसे आहे. आपल्याकडे पुष्कळ विद्यार्थी “मायसेल्फ अमुक” अशी सुरुवात करतात. इंग्रजीत ‘मायसेल्फ’ हा शब्द स्वतःचे नाव सांगण्यासाठी वापरीत नाहीत. तो ‘आय’ या शब्दाच्या मागोमाग येणारा शब्द आहे, त्याच्या जागी बसणारा नव्हे. तसेच “आय विल डिस्कस अबाउट रेल्स” हेही वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. मराठीत आपण ‘रुळांविषयी चर्चा करणे’ असे म्हणतो. तो ‘विषयी’ इंग्रजीत ‘अबाउट’ बनून आगंतुकासारखा येऊन बसतो. इंग्रजीत ‘टॉक अबाउट’ बरोबर आहे, ‘स्पीक अबाउट’ बरोबर आहे, पण ‘डिस्कस’ या क्रियापदाला थेट कर्म लागते: “आय विल डिस्कस लाँग रेल्स.”

नाव आणि विषय सांगून झाला की श्रोत्यांपुढे एक प्रश्न ठेवावा. त्यासाठी “द क्वेश्चन आय वॉन्ट टु आन्सर इज दिस” हे वाक्य फार उपयोगी आहे. त्याचा अर्थ, ‘मला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे तो असा.’ आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनी पुढे म्हणेल, “इफ स्टील एक्स्पांड्ज इन द हीट, हाउ कॅन वी यूज अ रेल टू हंड्रेड अँड सिक्स्टी मीटर्स लाँग?” पोलाद उन्हाने प्रसरण पावते, तर २६० मीटर लांबीचा अखंड रूळ वापरता येतो तो कसा? हा प्रश्न ऐकून मागच्या बाकावरचा श्रोतादेखील मान वर करील. शाळेत त्याने असेच शिकलेले असते की दोन रुळांमध्ये फट ठेवावी लागते.

यानंतर मार्ग सांगावा. “आय विल बिगिन विथ द मेकिंग ऑफ द रेल, देन आय विल मूव्ह ऑन टु इट्स एक्स्पान्शन, अँड आय विल एंड विथ द वे इट इज फिक्स्ड टु द ट्रॅक.” या वाक्यात ‘बिगिन विथ’, ‘मूव्ह ऑन टु’ आणि ‘एंड विथ’ ही तीन जोडपी आहेत. ती जशीच्या तशी पाठ करावी, कारण कोणत्याही विषयाला ती लागू पडतात. “सॉरी फॉर माय इंग्लिश” या प्रकारची क्षमायाचना मात्र आरंभी करू नये. ती केली की श्रोते विषय सोडून वक्त्याच्या चुका मोजू लागतात.

वाक्यातील क्रम

मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. ‘कोकमधील राखेचे प्रमाण वाढल्यामुळे आणि वाऱ्याचे तापमान कमी झाल्यामुळे भट्टीचे उत्पादन घटले’ हे वाक्य मराठी श्रोता शेवटपर्यंत धीराने ऐकतो, कारण शेवटी काहीतरी घडणार आहे हे त्याला ठाऊक असते. इंग्रजी कानाला घटना आधी लागते, कारणे मागाहून चालतात: “द आउटपुट ऑफ द फर्नेस फेल, बिकॉज द कोक हॅड मोर अ‍ॅश अँड द ब्लास्ट वॉज कूलर.” मराठी विद्यार्थी मनातल्या मनात मराठी वाक्य जुळवून त्याचे इंग्रजी करू लागतो, तेव्हा कारणांची रांग लावता लावता त्याचा श्वास संपतो आणि क्रियापद तसेच राहून जाते. यावर उपाय एकच: काय घडले ते आधी, का घडले ते मागून. वाक्य लहान ठेवावे. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या माणसाला ही सवय आपोआपच लागते, कारण वाक्य लांबले की दुभाषा त्यातला अर्धा भाग विसरतो.

कारण आणि परिणाम जोडणाऱ्या दोन शब्दप्रयोगांची मोठी गल्लत होते. ‘रिझल्ट्स इन’ म्हणजे ‘परिणाम म्हणून घडवून आणते’, आणि ‘रिझल्ट्स फ्रॉम’ म्हणजे ‘अमुक कारणाने घडते’. “हीट रिझल्ट्स इन एक्स्पान्शन” आणि “एक्स्पान्शन रिझल्ट्स फ्रॉम हीट” या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे. पण ‘इन’ आणि ‘फ्रॉम’ यांची अदलाबदल झाली तर कार्य कारणाच्या खुर्चीवर जाऊन बसते. ज्याला खात्री नसेल त्याने ‘कॉझेस’ हे बाळबोध क्रियापद वापरावे. त्यात कमीपणा नाही.

उपपदांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. सगळी उपपदे बिनचूक येण्याची वाट पाहत बसू नये, पण एका ठिकाणी ती चुकून चालत नाही. “अ फर्नेस वॉज स्टॉप्ड” म्हणजे कोणती तरी एक भट्टी थांबविण्यात आली. “द फर्नेस वॉज स्टॉप्ड” म्हणजे आपण ज्या भट्टीविषयी बोलत होतो ती थांबविण्यात आली. भिलाईत झोतभट्ट्यांना क्रमांक आहेत, एकपासून आठपर्यंत. आणि कोणती भट्टी हे श्रोत्याला कळणे हे केवळ व्याकरणाचे प्रकरण नाही. शंका असेल तेथे क्रमांक उच्चारावा: “ब्लास्ट फर्नेस नंबर एट वॉज स्टॉप्ड.” क्रमांक आला की उपपदाची अडचणही उरत नाही.

एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना ते श्रोत्याला सांगावे लागते. लिहिलेल्या निबंधात परिच्छेद डोळ्यांना दिसतो, बोलण्यात दिसत नाही. “दॅट इज हाउ द रेल इज मेड. लेट अस नाउ टर्न टु इट्स एक्स्पान्शन.” पहिले वाक्य दार लावते, दुसरे पुढचे दार उघडते. मागच्या गोष्टीची आठवण द्यावयाची असेल तर “अ‍ॅज आय सेड अर्लियर”, पुढची गोष्ट आताच विचारली गेली तर “आय विल कम टु दॅट इन अ मिनिट”. एक मुद्दा दुसऱ्या शब्दांत सांगावयाचा असेल तर “इन अदर वर्ड्ज”. ही वाक्ये गतीला आवर घालण्याचेही काम करतात, कारण ती उच्चारीत असताना वक्त्याला पुढचा विचार जुळविण्यास दोन क्षण मिळतात.

गतीचा विषय निघाला म्हणून मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाची हकीकत सांगण्याजोगी आहे. फॅरडे लोहाराचा मुलगा. इंग्रजी ही त्याची मातृभाषाच. तरीही व्याख्याने देण्यासाठी त्याने वक्तृत्वाचे रीतसर धडे घेतले होते. १८१३ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने अ‍ॅबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत व्याख्यात्याचे गुणदोष तपशीलवार मांडले आणि एक तासाहून अधिक काळ कोणीही बोलू नये असे मत दिले. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याची व्याख्याने गाजू लागली, तेव्हा आपण भरभर बोलू लागतो हे ओळखून तो समोर एक पाटी ठेववून घेई. तिच्यावर ‘स्लो’ एवढाच शब्द असे. वेळ संपत आल्याची सूचना देणारी दुसरी पाटी ‘टाइम’ या शब्दाची होती. ज्याची मातृभाषा इंग्रजी होती त्याला पाटी लागत असे. मग आपल्या विद्यार्थिनीने कागदाच्या कोपऱ्यावर तोच शब्द लिहून ठेवला तर त्यात वावगे काय?

आकडे सांगण्याची रीत

शास्त्रीय निवेदनात खरा घात होतो तो आकड्यांत. भाषा चुकली तर श्रोता समजून घेतो; आकडा चुकला तर तो चुकीचाच आकडा घेऊन घरी जातो.

पहिली अडचण लक्ष आणि मिलियन यांची. भिलाईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दहा लक्ष टन पोलादाची होती. इंग्रजीत तोच आकडा “वन मिलियन टन्स” असा सांगावा लागतो. देशी श्रोत्यांपुढे ‘टेन लॅक’ म्हटले तर चालते, पण परदेशी पाहुणा समोर असेल तर त्याला काहीच बोध होत नाही. दहा लक्ष म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, हे कोष्टक निवेदनाच्या आधीच कागदावर मांडून ठेवावे. उभ्या उभ्या रूपांतर करू गेल्यास एखादे शून्य हमखास गळते.

दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे सुटे वाचावेत. ०.७५ हे “झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह”. ‘पॉइंट सेव्हन्टी-फाइव्ह’ नव्हे. ऐकणाऱ्याला ०.७५ मोठे की ०.८ मोठे असा घोटाळा पडण्याचे कारण पुष्कळदा हे वाचनच असते.

त्यानंतर ‘टु’ आणि ‘बाय’. ही दोन अक्षरे किती महत्त्वाची आहेत हे आपल्या रुळावरच पाहू. समजा, रुळाचे तापमान सकाळी २० अंश सेल्सिअस आहे. विद्यार्थिनी म्हणाली, “द टेम्परेचर ऑफ द रेल रोज बाय फॉर्टी डिग्रीज.” म्हणजे तापमान ४० अंशांनी वाढले, ६० अंश झाले. तीच जर म्हणाली, “द टेम्परेचर रोज टु फॉर्टी डिग्रीज,” तर तापमान ४० अंशांपर्यंत चढले, म्हणजे वाढ केवळ २० अंशांची. मराठीत ‘ने’ आणि ‘पर्यंत’ यांत जो फरक आहे तोच येथे ‘बाय’ आणि ‘टु’ यांत आहे. मराठीत तो आपण कधी चुकत नाही, म्हणून इंग्रजी वाक्य तयार करताना मनात तेवढा एक मराठी प्रत्यय उच्चारून पाहावा. आता परिणाम पाहा. पोलादाच्या एक मीटर लांबीमागे दर अंशाला सुमारे ०.०००,०११५ मीटर एवढी वाढ होते. २६० मीटरांचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर तो सुमारे १२ सेंटिमीटरांनी लांब होईल. २० अंशांनी तापला तर ६ सेंटिमीटरांनी. एका शब्दयोगी अव्ययाने उत्तर निम्मे झाले.

शेकडेवारीतही असाच एक सापळा आहे. झोतभट्टीतून निघणाऱ्या लोखंडात सुमारे ४ टक्के कार्बन असतो. रुळाच्या पोलादात तो सुमारे ०.७ टक्के ठेवतात. ही घट “बाय थ्री पॉइंट थ्री पर्सेंटेज पॉइंट्स” अशी सांगितली पाहिजे. नुसते “बाय थ्री पॉइंट थ्री पर्सेंट” म्हटले तर अर्थ असा होतो की ४ टक्क्यांचा शेकडा ३.३ एवढाच अल्प भाग कमी झाला. वास्तविक मूळ कार्बनापैकी शेकडा ८० हून अधिक निघून गेलेला असतो. ज्याला ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ जड वाटेल त्याने दोन्ही आकडे उघड सांगावे: “फ्रॉम अबाउट फोर पर्सेंट टु अबाउट झीरो पॉइंट सेव्हन पर्सेंट.” किंबहुना हेच वाक्य अधिक चांगले.

तुलनेची वाक्ये पाहा. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे आकारमान १,०३३ घनमीटर होते. २०१८ साली सुरू झालेल्या आठव्या भट्टीचे ४,०६० घनमीटर आहे. “फर्नेस नंबर एट इज निअरली फोर टाइम्स अ‍ॅज लार्ज अ‍ॅज द फर्स्ट वन.” येथे ‘अ‍ॅज लार्ज अ‍ॅज’ असेच म्हणावे. ‘फोर टाइम्स लार्जर’ असे म्हटल्यास काही श्रोते चौपट समजतात तर काही पाचपट, आणि दोघांचीही बाजू व्याकरणात थोडीफार निघू शकते. ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ, पण किंचित कमी. ‘जस्ट ओव्हर’ म्हणजे किंचित अधिक. ‘अबाउट’ म्हणजे दोन्हीकडे. हे तीन शब्द आवडीनुसार वापरावयाचे नसतात, आकड्यानुसार वापरावयाचे असतात.

नुसता आकडा सांगून थांबूही नये. रुळाचे वजन मीटरला ६० किलोग्रॅम असते. २६० मीटरांचे १५,६०० किलोग्रॅम होतात. “टु गिव्ह यू अ‍ॅन आयडिया” असे म्हणून विद्यार्थिनीने पुढे सांगावे की जुन्या १३ मीटरी रुळांनी एवढेच अंतर जोडले असते तर २० रूळ आणि त्यांच्यामध्ये १९ सांधे लागले असते. सांधा म्हणजे गाडीचा प्रत्येक चाकाला बसणारा ठोका, आणि रुळाचा सर्वांत लवकर झिजणारा भाग. १९ हा आकडा १५,६०० पेक्षा श्रोत्याच्या अधिक लक्षात राहतो.

खात्रीच्या पायऱ्या

‘शोज’, ‘सजेस्ट्स’ आणि ‘अझ्यूम’ ही तीन क्रियापदे शास्त्रीय भाषेत एकाच तोलाची नाहीत. “दिस शोज दॅट…” म्हणजे हे सिद्ध होते. “दिस सजेस्ट्स दॅट…” म्हणजे यावरून असे दिसते, परंतु दुसरेही कारण संभवते. “वी अझ्यूम दॅट…” म्हणजे आपण हे गृहीत धरले आहे, मोजलेले नाही. विद्यार्थी बहुधा सर्वत्र ‘शोज’ वापरतो आणि परीक्षक त्याला तेथेच पकडतो.

आज्ञार्थक शब्दांतही पायऱ्या आहेत. भारतीय मानकांच्या भाषेत ‘शॅल’ हा शब्द बंधनकारक गोष्टीसाठी आणि ‘शुड’ हा शब्द शिफारशीसाठी राखून ठेवलेला असतो. बोलताना ‘शॅल’ऐवजी ‘मस्ट’ म्हणतात. “द वर्कर मस्ट वेअर अ हेल्मेट” आणि “द वर्कर शुड वेअर अ हेल्मेट” या वाक्यांचे मराठी पुष्कळ जण ‘कामगाराने शिरस्त्राण घालावे’ असे एकच करतात. ज्या कारखान्यात सुमारे दीड हजार अंश तापमानाचे वितळलेले लोखंड वाहत असते, तेथे ‘घातलेच पाहिजे’ आणि ‘घातलेले बरे’ हे एक नव्हे.

आता ज्या वाक्यावर आपल्या विद्यार्थिनीचे सगळे निवेदन तोलून धरलेले आहे, ते पाहू. “अ रेल ऑफ टू हंड्रेड अँड सिक्स्टी मीटर्स एक्स्पांड्ज बाय ट्वेल्व्ह सेंटिमीटर्स.” हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे; गणितही बरोबर आहे; आणि तरी ते मार्गावर बसविलेल्या रुळाविषयी असत्य आहे. हा हिशेब मोकळ्या रुळाचा आहे. म्हणून येथे संकेतार्थी वाक्य हवे: “इफ द रेल वेअर फ्री टु एक्स्पांड, इट वुड ग्रो बाय अबाउट ट्वेल्व्ह सेंटिमीटर्स.” रूळ मोकळा असता तर सुमारे १२ सेंटिमीटरांनी वाढला असता. ‘वेअर’ आणि ‘वुड’ या दोन शब्दांनी श्रोत्याला कळते की प्रत्यक्षात तसे घडत नाही. मराठीत आपण ‘असता’ आणि ‘वाढला असता’ हे सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र घाईत ‘इज’ आणि ‘विल’ तोंडातून निघून जातात आणि जे घडत नाही ते घडते असे विधान होऊन बसते.

आकृती आणि आलेख

याविषयी थोडक्यात. आलेख दाखविल्याबरोबर निष्कर्ष सांगू नये. आधी अक्ष सांगावेत. “द हॉरिझॉन्टल अ‍ॅक्सिस शोज टेम्परेचर, द व्हर्टिकल अ‍ॅक्सिस शोज लेंग्थ.” मग “अ‍ॅज यू कॅन सी” म्हणून रेषेकडे बोट करावे. पडद्यावर लिहिलेले जसेच्या तसे वाचून दाखवू नये. श्रोत्यांना वाचता येते.

प्रश्नोत्तरे

“थँक यू. आय विल बी हॅपी टु टेक युवर क्वेश्चन्स.” असे म्हणून निवेदन संपवावे. येथे मराठीतील ‘शंका’ या शब्दाने केलेला घोटाळा सांगितला पाहिजे. आपल्याकडे विद्यार्थी विचारतो, “सर, आय हॅव अ डाउट.” ‘शंका’ म्हणजे न समजलेली गोष्ट आणि ‘शंका’ म्हणजे संशय, हे दोन्ही अर्थ मराठीत सुखाने नांदतात. इंग्रजी ‘डाउट’मध्ये संशयच प्रमुख आहे. परदेशी वक्त्याला असे वाटते की आपल्या विधानावर कोणी अविश्वास दाखवीत आहे. “आय हॅव अ क्वेश्चन” हे वाक्य निर्धोक आहे.

प्रश्न ऐकू आला नाही तर ‘व्हॉट?’ असे ओरडू नये. “कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?” असे म्हणावे. ऐकू आला पण अर्थ लागला नाही, तर “इफ आय अंडरस्टँड यू करेक्टली, यू आर आस्किंग व्हेदर…” असे म्हणून प्रश्न आपल्या शब्दांत मांडावा. चुकीचा मांडला गेला तर विचारणारा स्वतःच दुरुस्त करतो, आणि बाकीच्या श्रोत्यांनाही प्रश्न ऐकावयास मिळतो. आकडा जवळ नसेल तर “आय डू नॉट हॅव दॅट फिगर विथ मी, बट आय कॅन फाइंड आउट”. ‘दॅट इज अ गुड क्वेश्चन’ हे वाक्य एकदा म्हणावे. प्रत्येक प्रश्नाला म्हटल्यास ते पुढाऱ्याच्या हारासारखे होते.

आता शेवटचा प्रश्न. श्रोत्यांतून कोणी तरी हा विचारणारच: “इफ द रेल कॅनॉट ग्रो, व्हेअर डझ द ट्वेल्व्ह सेंटिमीटर्स गो?” रूळ वाढत नाही, तर मग ते १२ सेंटिमीटर जातात कोठे? याचे उत्तर विद्यार्थिनीने चार लहान वाक्यांत तयार ठेवलेले असावे. “द रेल इज हेल्ड फर्मली बाय द स्लीपर्स, अँड द स्लीपर्स आर हेल्ड बाय द बॅलास्ट.” रूळ स्लीपरांना घट्ट आवळलेला असतो आणि स्लीपर खडीत रोवलेले असतात. “सो द मिडल पार्ट कॅनॉट मूव्ह. इन्स्टेड, इट इज कम्प्रेस्ड.” मधला भाग सरकू शकत नाही, तो दाबला जातो. “ओन्ली द एंड्ज मूव्ह अ लिटल.” हालतात ती केवळ टोके. मीटरला ६० किलोग्रॅम वजनाच्या रुळाचा छेद सुमारे ७,७०० चौरस मिलिमीटर असतो; ४० अंशांच्या वाढीने त्याच्यात निर्माण होणारा दाब ७० टनांहून अधिक भाराइतका भरतो. गंमत अशी की हा भार रुळाच्या लांबीवर अवलंबून नाही. रूळ २६० मीटरांचा असो वा २६ किलोमीटरांचा, तापमानातील वाढ तीच असेल तर भारही तोच. म्हणूनच लांब रूळ शक्य झाले. मात्र ते कोणत्या तापमानाला आवळावयाचे हे काटेकोरपणे ठरवावे लागते: फार थंडीत आवळले तर वैशाखात खडी त्यांना आवरू शकत नाही आणि मार्ग बाजूला वाकतो, फार उन्हात आवळले तर हिवाळ्याच्या रात्री ते ताणाने तुटू शकतात.

उत्तर संपले की विचारावे, “डझ दॅट आन्सर युवर क्वेश्चन?” हे केवळ शिष्टाचाराचे वाक्य समजून पुढे पळू नये, विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि थांबावे. तो “नॉट क्वाइट” म्हणाला, म्हणजे ‘पुरते नाही’ म्हणाला, तर फळ्याकडे वळून दोन समांतर रेषा काढाव्यात, त्यांच्याखाली स्लीपर काढावेत, आणि “लेट मी ट्राय टु एक्स्प्लेन इट विथ अ डायग्रॅम” असे म्हणून पहिल्या स्लीपरापासून पुन्हा सुरुवात करावी.